तायडे मॅडमची उलटतपासणी

अकोल्याच्या कोर्टात मी वीस-बावीस वर्षं वकिली करतोय. उलटतपासणीत आपला हात धरणारा कोणी नाही, असं मी घरी बऱ्याचदा सांगितलंय आणि बायकोने ते एकदाही मनावर घेतलेलं नाही. कारण ती तायडे मॅडमना ओळखत होती. खरी उलटतपासणी आमच्या भिंतीपलीकडे चालायची, रोज संध्याकाळी पाच ते सात, आणि तिथे आरोपी म्हणून मीही उभा राहिलेलो आहे.

सुशीला तायडे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. आधी ऑपरेटर, मग तक्रारीच्या खिडकीत. तीस वर्षं लोकांचं 'फोन बंद हाय' ऐकून त्यांचा मनुष्यजातीवरचा विश्वास पार उडालेला होता. "वकीलसाहेब, शेजारच्या घरून फोन करत लोकं, का आमचा फोन मेला म्हणून. मी विचारलं, रिसिव्हर जाग्यावर हाय काय, तं म्हणत, हाय नं, आमी काय पागल हावो? लाइनमन उन्हातान्हाचा सायकल मारत जाये. पाहे तं रिसिव्हर गादीवर पडेल!" हे सांगताना त्यांना त्या लाइनमनची अजून दया यायची.

मूर्ती ठेंगणी. सुती साडी, तिला परीटघडी. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, आणि शोधायच्या तिसराच. आवाज मात्र ट्रंक कॉलचा. समोरच्या खुर्चीवरच्या माणसाशीसुद्धा त्या कलकत्त्याशी बोलल्यासारख्या बोलत. त्यामुळे त्यांच्या बैठकीत कोणाचं गुपित कधी गुपित राहिलं नाही. भिंतीपलीकडे मी चहा पीत बसलेलो असायचो आणि मला सगळी कॉलनी कळायची.

कोरोनात शाळा घरात आली, तेव्हा घरोघरी टॅब आले. पोरं मोठी झाली, टॅब आजी-आजोबांकडे गेले, आणि मग एकेक करून ते सुरू व्हायला नाही म्हणू लागले. कोणाचा कंपनीच्या नावावर अडकायचा, कोणाचा नाव दाखवून विझायचा, पुन्हा दाखवायचा, पुन्हा विझायचा. दुकानात न्यावं तर दुकानदार पहिलं वाक्य बोलायचा, "नवा घ्या." मग माणूस तायडे मॅडमकडे.

त्या सुरुवातीला टॅबला हातही लावत नसत. तो टेबलावर पालथा ठेवायचा आणि मालकाला समोर बसवायचं. स्टीलच्या ग्लासात चहा यायचा. पाठीमागे कोनाड्यात पांढऱ्या बुद्धाची मूर्ती, डोळे मिटलेले. मॅडमचे डोळे मात्र सताड उघडे.

"मशीन खोटं बोलत नाई जी," त्या म्हणत. "मालक बोलते. पहिले मालकाले चालू करा, मंग मशीन आपोआप चालू होते."

माझा खटला मे महिन्यातला. अकोल्याचा मे म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून उपयोग नाही. माझा टॅब, ज्यात सगळ्या केसेसचे कागद, दुपारी एकदम मेला. मी तो मॅडमकडे नेला आणि वकिलाच्या सराईतपणाने म्हणालो, "काही केलं नाही मॅडम, आपोआप बंद पडला."

"आपोआप," त्या म्हणाल्या. एवढंच. मग चहा. मग, "सकाळी कुठी होता हा?"

"माझ्याकडेच."

"तुमी कुठी होते?"

"कोर्टात."

"आन् हा?"

मी गप्प. साक्षीदार असा गप्प झाला की मला कोर्टात किती आनंद होतो! टॅब गाडीच्या काचेखाली चार तास भाजत राहिला होता, हे मी तीन प्रश्नांत कबूल केलं. मला वाटलं सुटलो. पण त्यांनी टॅब उचलला, आधी सवयीने रिसिव्हरसारखा कानाला लावला, मग नाकाला.

"सांबाराचा वास कावून येऊन राहिला याले?"

सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. मला घाम फुटला. तापलेला टॅब निवावा म्हणून मी तो फ्रीजमध्ये, भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या जुडीवर ठेवला होता. बायकोलाही सांगितलं नव्हतं. आतून पाणी सुटलं असणार. मॅडमनी तो पंख्याखाली दोन दिवस उघडा ठेवला, कोणी हात लावायचा नाही अशी चिठ्ठी लावून, आणि तिसऱ्या दिवशी तो सुरू झाला. त्या दोन दिवसांत कॉलनीतल्या प्रत्येक बाईने मला कोथिंबिरीचा भाव विचारला.

दुसरा खटला देशमुख साहेबांचा. निवृत्त तहसीलदार, रुबाबदार माणूस. त्यांचा टॅब नाव दाखवून दाखवून विझत होता. मॅडमनी बटण दाबून धरून तो पुरता बंद केला आणि फर्मावलं, "आता शंभर मोजा. मोठ्यानं. मोजून होत नाई तोवर चालू करायचा नाई. तुमची घाईच नडून राहिली त्याले."

ज्या माणसासमोर अख्खा तालुका उभा राहायचा, तो माणूस खुर्चीत ताठ बसून एक, दोन, तीन मोजू लागला. मी भिंतीशी कान लावून होतो. एकसष्टवरून साहेब एकदम ब्याऐंशीवर गेले.

"एकसष्टपासून," तायडे मॅडम स्वयंपाकघरातून ओरडल्या.

साहेब पुन्हा एकसष्टपासून निघाले. टॅब सुरू झाला. तो शंभर मोजल्याने झाला की पुरेसा वेळ बंद राहिल्याने, हे मॅडमनी कधी उघड केलं नाही. पण देशमुख साहेब त्यानंतर लिफ्टचं बटणसुद्धा एकदाच दाबायचे.

मी हसतोय खरा, पण ज्या एका खटल्यामुळे मला या बाईंबद्दल लिहावंसं वाटलं, तो दिगंबर महाराजांचा आहे.

दिगंबर महाराज आमच्या भागातले भिक्षुक. मूळ पातूरचे. आमच्याकडे भटजींना महाराज म्हणतात. सत्तरीचे, गोरेपान, पोटावर जानवं आडवं पसरलेलं, आणि बोलण्यात गोडवा असा की दक्षिणेपेक्षा त्यांना गप्पाच जास्त मिळाव्यात. या खटल्याच्या दोनेक वर्षं आधी त्यांनी पोथ्या सोडून टॅब धरला. पुण्याच्या पुतण्याने सगळ्या पोथ्यांचे, पंचांगाचे फोटो काढून त्यात भरून दिले. पोथी ठेवायच्या लाकडी घडवंचीवर टॅब उभा करून महाराज पूजा सांगायचे. लोक कौतुकाने व्हिडिओ काढायचे. बाळापूर-पातूरपर्यंत त्यांचं नाव झालं, मॉडर्न महाराज म्हणून. महाराज खुश.

दसरा होऊन तीन-चार दिवस झाले असतील. संध्याकाळी महाराज मॅडमच्या दारात. टॅब उपरण्यात गुंडाळलेला, चेहरा पडलेला. मी फाटकातच होतो, त्यांच्या मागोमाग आत शिरलो. अशा वेळी मला काम नसतं.

"बाई, परवा बाळापूरले उदकशांत हाय," महाराज म्हणाले. "आन् हे उठून नाई राहिलं. यजमान हेडमास्तर होते. हाती पुस्तक घेऊन बसतात, ओळीवर बोट ठेवून. एक शब्द सुटला की थांबवतात. सत्यनारायण मी झोपेत सांगीन, पण उदकशांत लांबलचक प्रकरण. थे वाचूनच करा लागते."

"मंग पोथीवरून वाचा नं," मॅडम म्हणाल्या. "पोथी हाय नं घरी?"

महाराजांनी चहाचा ग्लास उचलला आणि ते खूप वेळ पीत राहिले. "हाय," म्हणाले. "पण टॅबच बरा."

मॅडम त्यांच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. मला ते तेव्हा कळलं नाही.

टॅब सुरू केला. कंपनीचं नाव आलं, गेलं, आणि काळ्या पडद्यावर बारीक इंग्रजी ओळी उमटल्या. पुन्हा सुरू करा, बंद करा, अमकं, तमकं, आणि त्यात एक ओळ अशी, की टॅबमधलं सगळं पुसून टाका. या ओळींवर एक निळी पट्टी होती. ती आपोआप खाली सरकत होती. तळाला गेली की पुन्हा वरून सुरू. थांबायचं नावच नाही.

"महाराजांनी काय काय दाबून पाहिलं?" मी विचारलं आणि मदत म्हणून बाजूचं बटण दाबायला बोट पुढे केलं.

तायडे मॅडमनी माझ्या हातावर फटका मारला. खरोखर मारला.

"वकीलसाहेब, पट्टी त्या पुसायच्या ओळीवर असताना बटन दाबलं आन् पुढं हो म्हटलं गेलं, तं उदकशांत गेली, पंचांग गेलं, महाराज गेले! हात मांडीखाली घ्या."

मी हात मांडीखाली घेतले. महाराजांनी, त्यांना कोणी सांगितलं नसताना, आपलेही घेतले.

"आता पाहा," मॅडम म्हणाल्या. "हे पट्टी कोन हलवून राहिलं? मी नाई. तुमी नाई. हे पट्टी हलते आवाज कमी करायच्या बटनानं. म्हणजे थे बटन कोनी तरी दाबून धरलं हाय. अन् सुरू होताना थे बटन दबेल असलं, तं मशीन सरळ जात नाई, या गल्लीत येते. महाराज, पाणी सांडलं काय याच्यावर?"

"छे छे!"

"पडला?"

"नाही बाई."

"दसऱ्याले काय केलं?"

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. मी वकील असूनही काही करू शकलो नाही.

"खंडेनवमीले पूजा केली," महाराज म्हणाले. "सगळे आपापल्या हत्याराची करतात. सुतार करवतीची करते. माझं हत्यार हेच."

"बरोबर हाय. पूजा म्हणजे काय काय केलं?"

"हळद-कुंकू. अक्षता."

"अजून?"

"गंध."

"ओलं?"

"गंध ओलंच असते बाई."

"स्नान घातलं?"

"स्नान कसं घालीन? इलेक्ट्रिक वस्तू हाय थे!" महाराज दुखावले. मग आवाज खाली आला. "प्रोक्षण केलं. फुलानं. पंचामृताचं."

"पंचामृतात मध असते," तायडे मॅडम म्हणाल्या.

"असते," महाराज म्हणाले, आणि मान खाली घातली.

मॅडमनी टॅब आडवा धरून उजेडात नेला. बटणाच्या फटीत पिवळा-लाल घट्ट थर बसलेला होता आणि त्यात एक अक्षता उभी रुतलेली होती. वरून एक मुंगी आली, पाहणी करून गेली.

"पूजा करा नं महाराज, मी कावून नाई म्हणू," मॅडम म्हणाल्या. "पण मशीनच्या फटीत मध कावून भरता?"

पुढचा अर्धा तास ऑपरेशन चाललं. सुई, कानातला कापूस, दवाखान्यातलं स्पिरिट, आणि मुलीच्या जुन्या रंगपेटीतला बारीक ब्रश. अक्षता निघाली तेव्हा महाराजांनी ती हात पुढे करून मागून घेतली आणि टाकून न देता उपरण्याला बांधली. मग मध विरघळला, बटण टक्कन वर आलं, आणि निळी पट्टी जिथे होती तिथे थांबली. 'पुन्हा सुरू करा' या ओळीवर नेऊन मॅडमनी बटण दाबलं. आम्ही तिघं श्वास धरून. कंपनीचं नाव आलं. राहिलं. मग गणपतीचा फोटो आला. महाराजांनी टॅबला नमस्कार केला, मी मॅडमना केला.

उदकशांत आहे की नाही पाहायला मॅडमनी टॅबमधली पोथी उघडली. महाराजांनी शेवटचं जिथे वाचलं होतं ते पान आलं, आणि पडद्यावर फक्त दोन शब्द मावले होते. एकेक अक्षर पुरीएवढं.

मी म्हणणार होतो, 'एवढं मोठं कशाला?' पण मॅडमनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला आणि तो पूर्ण वजन देऊन तिथेच ठेवला. त्यांनी पोथी बंद केली, टॅब पालथा केला. आणि मला एकेक आठवू लागलं. मागच्या महिन्यात महाराज माझ्या ऑफिसात आले होते आणि जाताना 'येतो वकीलसाहेब' म्हणून हात जोडून गेले होते. मी दारात उभा होतो. त्यांनी हात जोडले ते खुंटीवरच्या माझ्या काळ्या कोटाला. मी ते घरी येऊन बायकोला हसून सांगितलं होतं. आता मला लाज वाटली.

तेवढ्यात महाराजांचा फोन वाजला. बाळापूरचे हेडमास्तर. फोन मोठ्यावर लागलेला, खोलीभर आवाज. "महाराज, तुमचं ते यंत्र बिघडलं असं ऐकलं. जमणार असेल तर सांगा, नाहीतर आम्ही दुसरे पाहतो. पोथीवरून वाचायला काय अडचण आहे तुम्हाला?"

महाराजांचा चेहरा पांढरा पडला. बाळापूरची वीस घरं त्यांची. भिक्षुकाला दिसत नाही ही गोष्ट एका घरातून दुसऱ्या घरात जायला एक जेवण पुरतं. ते नुसतेच "अं, म्हणजे," करत राहिले.

मॅडमनी फोन ओढून घेतला. "हॅलो! दुरुस्ती विभागातून बोलते! मशीनमंदी कंपनीचा दोष होता, महाराजाईचा काईच संबंध नाई. आता दुरुस्त हाय. परवा वेळेवर येतीन. आन् टॅबवरूनच सांगतीन, आता सगळीकडं टॅबच चालून राहिले!" आणि फोन ठेवून दिला.

मी थक्क झालो. या बाईने जन्मात मशीनवर आळ येऊ दिला नव्हता. आज त्यांनी धडधडीत खोटी साक्ष दिली, आणि तीही ट्रंक कॉलच्या आवाजात.

मग त्या मला म्हणाल्या, "वकीलसाहेब, दूध संपलं. आणता काय?"

स्वयंपाकघरात ओट्यावर दुधाचं पातेलं काठोकाठ भरलेलं मला दिसत होतं. मी गेलो. डेअरीवर उगाच उभा राहिलो, अर्धा लीटर दूध घेऊन परतलो. महाराज उपरण्याने डोळे पुसत होते. मॅडम मुलीशी फोनवर बोलत होत्या. मुलगी अमरावतीला, डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स. "पुढच्या सोमवारी घेऊन येते," म्हणत होत्या. मी दुधाला गेल्यावर त्या महाराजांशी काय बोलल्या, ते भिंतीपलीकडे असलेल्या माझ्या बायकोलाही ऐकू आलं नव्हतं. म्हणजे ही बाई हळू बोलू शकत होती! इतकी वर्षं आम्हाला कोणाला माहीत नव्हतं.

उदकशांत झाली. हेडमास्तरांनी एकदाच थांबवलं, आणि ती चूक त्यांच्याच पुस्तकात निघाली, असं महाराज अजून सांगतात. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एका डोळ्याचं, पुढे दुसऱ्याचं. त्यानंतर आठ दिवसांनी काळा चष्मा लावून महाराज मॅडमच्या बैठकीत आले, चष्मा काढला आणि त्यांच्याकडे टक लावून पाहिलं.

"बाई," ते कळवळून म्हणाले, "तुमी एवढ्या म्हाताऱ्या केव्हा झाल्या?"

"तुमाले दिसत नव्हतं नं, तेव्हा होऊन घेतलं," मॅडम म्हणाल्या. मग त्या इतक्या हसल्या की कपाळावरचा चष्मा चहात पडला.

मागच्या वर्षी त्या मुलीकडे कायमच्या अमरावतीला गेल्या. गुडघे राहिले नव्हते, एकटं राहणं जमेना. सामान आधीच टेम्पोने गेलं होतं. त्यांना बसवून द्यायला स्टँडवर मी गेलो आणि महाराज सांगितलं नसताना आले. त्यांना आता सगळं दिसायचं आणि ते सगळं वाचून दाखवायचे. "अकोला-अमरावती, मार्गे मूर्तिजापूर," त्यांनी गाडीची पाटी वाचली. "महिलांसाठी राखीव. येथे थुंकू नये. बाई, चालकाच्या शर्टाचं बटन तुटेल हाय."

"पुरे जी महाराज," खिडकीतून मॅडम म्हणाल्या. "लोकं पाहून राहिले."

"पाहू द्या. मीही पाहूनच राहिलो."

मॅडमनी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला, हलवला नाही, नुसता ठेवला. गाडी निघाली, फलाटावरून वळली. तो हात आधी दिसत होता, मग बोटं, मग नुसती गाडीची मागची काच. महाराज जागचे हलले नाहीत.

"चला महाराज, गाडी गेली," मी म्हटलं.

"गेली थे दिसलं मले," ते म्हणाले. "इतकं साफ नव्हतं दिसाले पाह्यजे, वकीलसाहेब."

मी त्यांचा हात धरला. आता त्यांना त्याची गरज नव्हती, पण रिक्षापर्यंत मी तो सोडला नाही.